सुशीच्या दुकानाचा कुलवृत्तांत

सुशी हा जपानी पदार्थ आतां आमच्या मोठ्या शहरांतून अगदींच अपरिचित राहिलेला नाहीं. भाताची बोटभर लांबीची मूद, तिच्यावर माशाची पातळ चकती, शेजारीं सोया सॉसची वाटी आणि शेवटीं येणारें भारी बिल, एवढ्या सामग्रीवर आमच्या सुशिक्षित कुटुंबांत तिच्याविषयीं एक समजूत रूढ होऊन बसली आहे. ती अशी कीं, हा एका जुन्या, संयमी व सौंदर्यपूजक राष्ट्राचा दरबारी खाद्यप्रकार असून तो हजारों वर्षें जसाच्या तसा चालत आलेला आहे. या समजुतींत तीन विधानें गुंफलेलीं आहेत : सुशी प्राचीन आहे, सुशी म्हणजे कच्चा मासा, आणि सुशी हें बड्या लोकांचें अन्न आहे. इतिहासाच्या कसोटीस लावून पाहतां पहिलें विधान अर्धें खरें, दुसरें अलीकडचें, आणि तिसरें जवळजवळ उलटें ठरतें. तें कसें, हें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे.

हा प्रश्न केवळ जिभेचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. एखादा पदार्थ प्रतिष्ठेस चढला म्हणजे त्याला कुळ चिकटतें. आणि कुळ चिकटलें कीं, ज्या हातांनीं तो प्रथम घडविला व ज्या तोंडांनीं तो प्रथम खाल्ला, त्यांची आठवण कुलवृत्तांतांतून गळून पडते. भाट पूर्वजांची यादी नेहमीं सिंहासनापासून सुरू करतो. इतिहासकारानें ती चुलीपासून वाचावयास शिकलें पाहिजे.

प्रथम प्राचीनतेचा मुद्दा घेऊं. सुशीचें मूळ जपानांतलेंहि नसावें असें बहुतेक संशोधकांचें मत आहे. आग्नेय आशियांतील मेकाँग नदीच्या खोऱ्यासारख्या भातशेतीच्या प्रदेशांत गोड्या पाण्याचे मासे टिकविण्यासाठीं ते मिठांत मुरवून शिजलेल्या भातांत दाबून ठेवण्याची पद्धत होती. भात आंबतो, त्याची आंबटाई माशांत उतरते, आणि मासा नासत नाहीं. ज्या आंबण्यानें आमच्या घरीं दुधाचें दहीं होतें त्याच जातीची ही क्रिया आहे. ही पद्धत पुढें जपानांत गेली. इ. स. ७१८ च्या सुमारास सिद्ध झालेल्या योरो संहितेंत कराच्या रूपानें द्यावयाच्या जिनसांत सुशी आहे, व दहाव्या शतकांतील एंगिशिकी या ग्रंथांत निरनिराळ्या प्रांतांनीं राजधानीस पाठवावयाच्या सुशीच्या याद्या आहेत. म्हणजे नांव खरोखरच जुनें आहे. परंतु त्या नांवाखालचा पदार्थ कसा होता हें पाहावयाचें असेल तर बिवा सरोवराच्या कांठीं आजहि होणाऱ्या फुनाझुशीकडे पाहावें. गाभोळीनें भरलेला मासा प्रथम कांहीं महिने मिठांत ठेवितात, मग भातांत दाबून आणखी कित्येक महिने, कधीं कधीं वर्षाहून अधिक काळ, तसाच राहूं देतात. तोंपर्यंत भाताचा लगदा होतो. जुन्या काळीं तो बहुधा पुसून टाकीत व मासा तेवढा खात. आज ज्या भाताच्या मुदीवांचून सुशी ही कल्पनाच करवत नाहीं, तो भात मुळांत केवळ वेष्टन होतें.

पुढें, सुमारें पंधराव्या शतकापासून, लोकांस हा भात टाकून देणें परवडेनासें झालें म्हणा किंवा आवडेनासें झालें म्हणा, मासा अर्धवट आंबला असतांच तो भातासह खाण्याची चाल पडली. महिन्यांचे आठवडे झाले. सतराव्या शतकांत भातांत शिरका मिसळून आंबटपणा बाहेरूनच आणण्याची युक्ति रुळली, तेव्हां आठवड्यांचा एखादा दिवस झाला. ओसाका शहरांत लांकडी पेटींत भात व मासा दाबून त्याच्या वड्या पाडीत. शेवटीं एकोणिसाव्या शतकांत दिवसाचे क्षण झाले. एतावता सुशीचा हजार वर्षांचा इतिहास म्हणजे प्रतीक्षा उत्तरोत्तर कमी होत जाण्याचा इतिहास आहे. ती शेवटची, क्षणांची पायरी कोठें आणि कोणासाठीं चढली गेली, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर एदो शहरांत सांपडतें.

एदो म्हणजे आजचें टोकियो. १६०३ सालीं तोकुगावा इएयासु शोगुन झाला व या खाडीकांठच्या गांवाला राजसत्तेचें पीठ लाभलें. १६३५ सालीं असा नियम झाला कीं, प्रत्येक सरदारानें आळीपाळीनें एदोस राहावें व आपलीं बायकामुलें मात्र तेथें कायम ठेवावीं. सरदारांचीं कुटुंबें एदोंत राहिलीं. परंतु त्यांच्याबरोबर येणारे हजारों सामान्य शिपाई आपलीं कुटुंबें गांवीं ठेवून येत. १६५७ सालीं मेइरेकीची प्रसिद्ध आग लागली. शहराचा मोठा भाग भस्म झाला व मृतांची संख्या एक लाखापर्यंत गेली असें सांगतात. शहर पुन्हां उभें करण्यासाठीं सुतार, गवंडी, हमाल यांचे लोंढे प्रांतोप्रांतींहून आले. १७२१ सालच्या मोजणींत एदोच्या सामान्य नागरिकांची संख्या पांच लाखांच्या घरांत भरली. त्यांत पुरुष तीन लाख वीस हजारांवर, तर स्त्रिया एक लाख ऐंशी हजारांहूनहि कमी. शिपाईवर्ग या मोजणींत धरलेलाच नव्हता. तो धरला तर हें प्रमाण आणखीच विषम होईल.

हा आंकडा आमच्या मतें जपानी उपाहारगृहाची जन्मपत्रिका होय. ज्या शहरांत दर तीन माणसांत जवळजवळ दोन पुरुष, तेथें बहुतेकांच्या घरीं चूल पेटविणारें कोणी नाहीं. चाळीवजा लांबट घरांतील आठ-दहा हातांची एक खोली, पाण्याला सामाईक विहीर, सरपण महाग, आणि आगीची भीति अष्टौप्रहर. अशा मनुष्यानें जेवावें कोठें? गिरणगांवच्या खाणावळी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्या आमच्या वाचकांस हा प्रश्न समजावून सांगावयास नको. मेइरेकीच्या आगीनंतर असाकुसाच्या देवालयाच्या दाराशीं चहांत शिजविलेला भात, टोफूचें सार व उसळ असें ठराविक जेवण देणारीं चहागृहें निघालीं. एदोंतील पहिलीं भोजनगृहें म्हणून त्यांचाच निर्देश करितात.

भोजनगृहांच्या मागोमाग रस्त्यावर यातई आल्या. यातई म्हणजे छपराचें, उचलून नेण्याजोगें लहान दुकान. त्यांत सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, वाटीस सोळा मोन या ठरलेल्या दरानें मिळत. मोन हें तांब्याचें लहान नाणें. तेंपुरा, म्हणजे पिठांत बुडवून तळलेले मासे, हेंहि यातईवरचेंच खाणें. कारण लांकडाच्या व कागदाच्या घरांत उकळत्या तेलाची कढई म्हणजे साक्षात् आगीला आमंत्रण. हा तळणाचा प्रकार जपान्यांनीं सोळाव्या शतकांत नागासाकीस येणाऱ्या पोर्तुगीजांपासून उचलला व तेंपुरा हा शब्दहि पोर्तुगीज आहे, असें बहुतेक अभ्यासक मानतात. नागासाकीचीं तीं पोर्तुगीज गलबतें गोव्याहून मलाक्का व मकाव या मार्गानें जात असत, हें लक्षांत घेतलें म्हणजे एदोच्या रस्त्यावरील कढईचा आमच्या किनाऱ्याशीं दूरचा कां होईना, पण खरा संबंध पोहोंचतो.

या गर्दींत १८२४ च्या सुमारास हाताने वळलेली सुशी अवतरली. सुमिदा नदीच्या कांठीं र्‍योगोकु येथें हानाया योहेइ (१७९९–१८५८) या दुकानदारानें ती लोकप्रिय केली. ती सर्वस्वीं त्याचीच कल्पना होती कीं काय याबद्दल वाद आहे. परंतु त्याच्या दुकानानें ती प्रस्थापित केली याबद्दल नाहीं. पेटींत दाबून ठेवण्याऐवजीं शिरका लावलेल्या भाताची मूद गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत वळावयाची, वर वासाबी या तिखट मुळाचा लेप व माशाचा तुकडा ठेवावयाचा, आणि लगेच हातावर द्यावयाची. ही मूद आजच्या दुप्पट-तिप्पट मोठी असे. दोन-चार खाल्ल्या कीं कामावर परत जाण्याइतकी भूक भागे.

येथें एका शिरकेवाल्याचें ऋण मान्य केलें पाहिजे. ओवारी प्रांतांतील हांदा गांवचा साके-उत्पादक नाकानो मातासाएमोन यानें १८०४ सालीं साके गाळून राहिलेल्या चोथ्यापासून शिरका करण्याचा धंदा आरंभिला. तोंपर्यंत तांदळाचा शिरका महाग होता. चोथ्याचा हा तांबूस व किंचित् गोडसर शिरका स्वस्त असून भाताला उत्तम मानवला, व गलबतांतून एदोस जाऊं लागला. टाकाऊ चोथा, खाडींतील मासा आणि घाईंतील मजूर, या तिहींच्या संगमांतून आज जगांत मिरविणारा पदार्थ निर्माण झाला.

आतां दुसऱ्या विधानाकडे वळूं. त्या काळीं बर्फाची सोय नव्हती. तेव्हां कच्चा मासा तसाच मुदीवर ठेवण्याचें साहस क्वचितच होई. कोहादा हा लहान मासा मीठ व शिरका यांत मुरवीत, कोळंबी व वाम उकडून घेत, टुना सोया सॉसमध्यें बुडवून ठेवीत. टुनाची गोष्ट तर बोधप्रद आहे. आमच्या कोळ्यांच्या कुप्याच्या जातीचा हा मासा एदोंत हलका समजत. १८३० नंतरच्या दशकांत तो अमाप सांपडूं लागल्यामुळें स्वस्ताईपायीं सुशीवर चढला. आणि त्याच्या पोटाकडील चरबीचा भाग, ज्याला आज सर्वांत अधिक दाम पडतो, तो लवकर नासतो म्हणून बहुधा टाकून दिला जाई. सुशी आणि कच्चा मासा यांचें आजचें अद्वैत हें शीतयंत्राच्या युगाचें अपत्य आहे.

तिसऱ्या विधानास सर्वांत उत्तम साक्षीदार म्हणजे कितागावा मोरिसादा हा ग्रंथकार. यानें १८३७ पासून पुढें कित्येक वर्षें आपल्या काळचे व्यवहार, वेष, धंदे व खाद्यें यांची सचित्र टिपणें ठेविलीं. तो सांगतो कीं, एदोच्या प्रत्येक आळींत सुशीचें एक-दोन तरी दुकान असे, तर सोब्याचें दुकान एक-दोन आळ्यांत मिळून एक. सुशीची एक मूद साधारण आठ मोनांस व अंड्याची सोळा मोनांस. म्हणजे दोन मुदींस शेवयांच्या एका वाटीइतका पैसा. एवढ्यावरून हें अन्न कोणाचें होतें तें कळून येतें. अर्थात् थोडीं श्रीमंती दुकानेंहि होतीं, व योहेइचें त्यांतच मोडूं लागलें होतें; परंतु तीं रस्त्याच्या डोक्यावर फुललेलीं होतीं, रस्ता त्यांच्यांतून निघालेला नव्हता.

सरकारास मात्र हा बहर मानवला नाहीं. १८४१ ते १८४३ या काळांत मिझुनो तादाकुनि या मंत्र्यानें काटकसरीच्या कडक सुधारणा पुकारल्या, तेव्हां चैनीची सुशी विकल्याच्या आरोपावरून अनेक दुकानदारांस पकडण्यांत आलें व योहेइच्या हातींहि बेड्या पडल्या असें सांगतात. मंत्री लवकरच पदच्युत झाला, सुशी राहिली. पुढें जाऊन पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, हें अन्न कधीं आगीच्या भयानें, कधीं काटकसरीच्या नांवानें, कधीं आरोग्याच्या व कधीं शिधावाटपाच्या नियमांनीं वारंवार आंवळलें गेलें, आणि प्रत्येक वेळीं तें नवा वेष घेऊन परतलें.

१८६८ सालीं राज्यक्रांति झाली व एदोचें टोकियो झालें. १८७२ सालीं सम्राटानें गोमांस खाल्ल्याची वार्ता प्रसिद्ध झाली आणि मांसाची भांडीं उघड्यावर शिजूं लागलीं. १९१० सालीं असाकुसांत राइराइकेन हें दुकान निघालें व योकोहामाच्या चिनी स्वयंपाक्यांच्या हातच्या शेवया मजुरांच्या व विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या झाल्या. आजचा रामेन तो हाच. इंग्रजांच्या मार्फत आलेली करी सैन्यांतून व शाळांतून सर्वत्र पसरली. परंतु भारतीय हातची करी जपानांत रुजली ती एका फरारी देशभक्तामुळें. राशबिहारी बोस १९१५ सालीं जपानांत पोहोंचले. इंग्रज सरकार त्यांच्या मागावर असतां शिंजुकु येथील नाकामुराया या पावाच्या दुकानाचे मालक सोमा दंपती यांनीं त्यांस आपल्या घरीं लपविलें. १९१८ सालीं सोमांची कन्या तोशिको हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. १९२५ सालीं ती निवर्तली. १९२७ सालीं नाकामुरायानें उपाहारगृह काढलें तेव्हां बोस यांच्या आग्रहानें तेथें खरी भारतीय करी वाढली जाऊं लागली. तिची किंमत साधारण उपाहारगृहांतील करीहून कितीतरी पट होती, आणि तरीहि ती खपली. परदेशांत मायदेशाची अब्रू राखण्याचा हाहि एक मार्ग होता.

सुशीच्या नशिबीं याहून मोठीं स्थित्यंतरें होतीं. १ सप्टेंबर १९२३ रोजीं झालेल्या भूकंपानें व त्यामागोमाग लागलेल्या आगीनें टोकियो उद्ध्वस्त झालें. दुकानें जळालेले सुशीचे कारागीर आपापल्या गांवीं परतले व एदोची वळलेली सुशी प्रांतोप्रांतीं घेऊन गेले. निहोनबाशीचा जुना मासळीबाजार उठून त्सुकिजीस गेला, व तेथून २०१८ सालीं तोयोसुस. मग महायुद्ध आलें, आणि त्याच्या पाठोपाठ उपासमार. जुलै १९४७ मध्यें सरकारनें अन्न वांचविण्यासाठीं बहुतेक सर्व भोजनगृहें बंद करण्याचा हुकूम काढला. या हुकुमाखालीं सुशीचें दुकान कायमचें मिटावयाचें. पण टोकियोच्या कारागिरांच्या संघानें सरकारपुढें एक अजब युक्तिवाद मांडला. आम्ही अन्न विकीत नाहीं, ते म्हणाले. गिऱ्हाईक आपल्या शिध्याचा एक गो तांदूळ आणील, आम्ही मजुरी घेऊन त्याच्या दहा सुशी करून देऊं. गिरणी दळणाबद्दल पैसे घेते म्हणून ती कांहीं धान्याचें दुकान ठरत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. सरकारनें तें मान्य केलें, आणि ही तोड टोकियोहून इतर प्रांतांत पसरली. एक गो म्हणजे सुमारें दीडशें ग्रॅम तांदूळ. सवलत मिळाली ती टोकियोच्या वळलेल्या सुशीच्या मापानें. म्हणून इतर प्रांतांतल्या पेटींतल्या व आंबविलेल्या सुशी मागें पडल्या, आणि दहाची थाळी ही एका माणसाची वाढणी ठरली. आज जिला आपण जपानची राष्ट्रीय सुशी म्हणतों तिच्या देशव्यापी राज्यामागें मूठभर शिध्याच्या तांदळाचा हा करार उभा आहे. याच सुमारास आरोग्याच्या नियमांमुळें रस्त्यावरच्या सुशीच्या यातई हटल्या. परंतु दुकानांत गेलेल्या सुशीनें यातईची फळी आपल्याबरोबर नेली. कारागिरासमोर जी लांब फळी आज आपण पाहतों ती रस्त्यावरच्या त्या दुकानाचीच वंशज होय.

फळीमागें बसून हळूहळू सुशी महाग झाली. तिला पुन्हां सामान्यांच्या हातीं आणण्याचें श्रेय ओसाकाजवळील एका लहान दुकानदारास आहे. शिराइशि योशिआकि याचें गिऱ्हाईक आसपासच्या कारखान्यांतलें. दर कमी ठेवावयाचे तर नोकर परवडत नव्हते. बीअरच्या कारखान्यांत पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्याला कल्पना सुचली, व १९५८ सालीं त्यानें फिरत्या पट्ट्याचें पहिलें सुशीगृह उघडलें. पट्ट्याचा वेग सेकंदास सुमारें आठ सेंटिमीटर ठेवला. याहून जलद तर अन्न सुकतें व गिऱ्हाईक गांगरतें, याहून मंद तर तें कंटाळतें. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनानें ही युक्ति देशभर गाजविली. जाणत्या मंडळींनीं तिला नाकें मुरडलीं. परंतु घाईंतला कामगार, ठरलेला दर, डोळ्यांपुढें तयार पदार्थ आणि हातानें उचलून खाण्याची मोकळीक, हीं तर योहेइच्या काळच्या यातईचींच लक्षणें होत. आमच्या मतें खरा वारसा या पट्ट्यावरूनच फिरत आला.

याच्या उलट टोंकाला २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या टोकियोच्या पहिल्या मिशेलिन मार्गदर्शिकेनें गिंझांतील तळघरांतल्या, जेमतेम दहा बैठकींच्या एका सुशीगृहास आपला सर्वोच्च मान दिला. आणि २०१३ सालीं युनेस्कोनें जपानी आहारपरंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें, तेव्हां विशेष निर्देश झाला तो नववर्षाच्या घरगुती पक्वान्नांचा. तीं पक्वान्नें त्या मानास सर्वथैव पात्र आहेत. परंतु जपानचें अन्न जगाच्या तोंडीं ज्यानें नेलें तो रस्ता त्या सनदेच्या मथळ्यांत दिसत नाहीं.

यांत कारागिरांच्या कौशल्याचा उणेपणा दाखविण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. दोन शतकांत मजुराची मूद कलेच्या पदवीस पोहोंचली, हें त्या कारागिरांचें खरें यश आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तिला प्राचीनतेची खोटी सनद जोडण्याची गरज नाहीं. ती आहे तितकीच जुनी असण्यांत तिचें भूषण आहे. परंपरा म्हणून आपण ज्यापुढें हात जोडतों त्यांतलें किती तरी घाई, टंचाई, कायद्यांतली पळवाट आणि घरापासून तुटलेल्या माणसाची भूक यांनीं घडविलेलें असतें. आणि तें घडविणारांनीं आपण परंपरा घडवीत आहों असें स्वप्नांतहि पाहिलेलें नसतें.

मोरिसादानें सुशीचा दर टिपून ठेविला म्हणून आज हें आपण सांगूं शकतों. त्याच्या समकालीन विद्वानांस आठ मोनांची ती नोंद क्षुद्र वाटली असेल. पण एदोच्या एखाद्या सुताराच्या दुपारच्या जेवणाचा तेवढाच पुरावा उरला आहे. आमच्याकडे खाणावळींचे, हातगाड्यांचे आणि स्टेशनावरच्या फळ्यांचे दर व वाढणी कोणी अशा रीतीनें लिहून ठेवीत आहे काय? नसेल तर आणखी दोनशें वर्षांनीं आमच्या पावांना व भज्यांनाहि एखादें राजघराणें चिकटेल, आणि ज्यांनीं तीं उभ्यानें खाऊन हें शहर उभें केलें त्यांचा पत्ता लागणार नाहीं.